विवाहनोंदींतून पूर्वजांचा शोध : फिनलंडहून अमेरिकेस गेलेलीं कुटुंबें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या दिवसांत जुन्या गोष्टी ऐकण्याची आपणां सर्वांस गोडी लागलेली आहे, म्हणून समितीनें आम्हांस कुलवृत्तान्त कसा शोधावा या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय मोठा आहे. एका सायंकाळीं संपणारा नव्हे. म्हणून त्यांतील एकच धागा आम्हीं हातीं घेतला आहे, तो म्हणजे लग्नाची नोंद. हा धागा माणसाला कोठवर नेतो हें दाखविण्यासाठीं जें उदाहरण निवडलें आहे, तें आपल्या किनाऱ्यावरचें नसून युरोपच्या अगदीं उत्तरेकडील, बर्फाच्या आणि सरोवरांच्या देशांतील आहे. फिनलंडांतून शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं जीं कुटुंबें अमेरिकेस गेलीं, त्यांचीं पणतवंडें आज आपलें मूळ गांव शोधीत असतात, आणि त्यांतील पुष्कळांना तें सांपडतें. तें कां सांपडतें व कोणत्या वहींत सांपडतें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

इतकें दूरचें उदाहरण कशाला, असें कोणी विचारील. आपल्या घरचा शोध निघाला कीं आपण लागलीच थोरवी शोधूं लागतों, कोणाचा पणजोबा मोठा होता यावर वाद घालतों. परक्याच्या घरचे कागद पाहतांना मात्र दृष्टि निर्मळ राहते. शिवाय फिनलंडांतील चर्चच्या वह्या इतक्या नेटक्या आहेत कीं, लग्नाच्या एका ओळींत किती जीव सांठविलेला असतो तें तेथें जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच अन्यत्र दिसेल.

लग्न लिहून ठेवण्याची शिस्त आपणांस नवी नाहीं. ट्रेंटच्या विश्वसभेनें १५६३ सालीं असा निर्बंध केला कीं, विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर व निदान दोन साक्षीदारांसमक्ष व्हावा, आणि धर्मगुरूनें वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ एका वहींत लिहून ती वही जपून ठेवावी. या निर्बंधाचें कारण त्या ठरावांतच दिलेलें आहे. कांहीं पुरुष एका स्त्रीशीं गुप्तपणें लग्न करून तिला टाकीत आणि दुसरीशीं उघडपणें लग्न लावून तिच्याबरोबर राहत. पहिलीजवळ पुरावा नसे. म्हणजे लग्नाची वही ही मुळांत टाकलेल्या स्त्रीच्या कैवारासाठीं निर्माण झालेली वस्तु आहे. हें ध्यानांत ठेवावें, कारण पुढें त्याचा संबंध येणार आहे. पोर्तुगालनें ट्रेंटचे ठराव १५६४ सालीं स्वीकारले. त्या काळीं वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता, त्यामुळें ही शिस्त आपल्या भागांत लवकरच पोंचली.

फिनलंड त्या वेळीं स्वीडनच्या राज्यांत मोडत असे व सोळाव्या शतकांत राजाच्या इच्छेनें लूथरपंथी झालेला होता. म्हणून ट्रेंटचा निर्बंध तेथें लागला नाहीं. परंतु १६८६ सालीं स्वीडनच्या राजसत्तेनें जो धर्मकायदा केला, त्यानें प्रत्येक पाळकावर जन्म, विवाह, मृत्यु, गांवांत येणारे आणि गांवांतून जाणारे या सर्वांच्या नोंदी ठेवण्याचें बंधन घातलें. १८०९ सालीं फिनलंड रशियाच्या झारकडे गेला, १९१७ सालीं स्वतंत्र झाला. राजे बदलले, पण वह्यांचा क्रम तुटला नाहीं.

या वह्यांमध्यें मुख्य वही ती "रिप्पिकिर्या". शब्दशः अर्थ पापनिवेदनाची वही. आपल्याकडे १६१४ च्या रोमन संस्कारविधींत घरोघरच्या माणसांच्या ज्या यादीची आज्ञा आहे, तिचीच ही विस्तृत बहीण म्हणावी. एकेका वहींत सामान्यतः दहा वर्षांचा काळ असतो. गांव, गांवांतील घर, घरांतील मालक, त्याची पत्नी, मुलें, सुना, गडी, मोलकरणी हीं सर्व एका पानावर; आणि प्रत्येकाच्या नांवापुढें जन्मतारीख, लग्नाची तारीख, केव्हां आला, केव्हां गेला, प्रभुभोजन केव्हां घेतलें, वाचतां किती येतें, धर्मप्रश्नोत्तरें किती पाठ आहेत याच्या खुणा. ज्यास धर्मप्रश्नोत्तरें येत नसत त्यास लग्नाची अनुमति मिळत नसे, असा कायदाच होता. त्यामुळें लग्नासाठीं तरी तरुण मंडळी पुस्तक हातीं धरीत. आमच्या मतें एखाद्या सबंध राष्ट्राला साक्षर करण्याची याहून युक्तीची योजना दुसरी नसेल.

लग्नाची स्वतंत्र वही असे ती निराळी. तिच्यांत आधीं रविवारच्या उपासनेंत तीन वेळां केलेल्या घोषणेची नोंद, मग विवाहाची तारीख. विवाह झाला या अर्थी तेथें "विहित्त्यू" असा शब्द लिहितात. आपल्या कानांस तो "विहित" सारखा वाटतो, आणि अर्थहि जवळचा भासतो. परंतु नातें कांहीं नाहीं, हा निव्वळ योगायोग आहे. लग्न बहुधा वधूच्या धर्मग्रामांत लागे, म्हणून शोध करणारानें पहिला नियम हाच पाळावा कीं, पुरुषाच्या गांवीं नोंद मिळाली नाहीं तर निराश न होतां स्त्रीचें गांव कोणतें हें पाहावें.

आतां नांवांविषयीं. येथेंच नवख्या शोधकाचें गाडें अडतें, म्हणून थोडें सावकाश सांगतों.

पश्चिम फिनलंडांत सामान्य शेतकऱ्यास आपल्या समजुतीप्रमाणें आडनांव नसे. मात्तीचा मुलगा युहो तो "युहो मातिनपोइका" आणि युहोची मुलगी मारिया ती "मारिया युहोन्त्यूतॅर". "पोइका" म्हणजे पुत्र, "त्यूतॅर" म्हणजे कन्या. फिन्निश भाषा आर्यकुळांतील नव्हे. परंतु हा "त्यूतॅर" शब्द तिनें अतिप्राचीन काळीं शेजारच्या बाल्टिक भाषांपासून उसना घेतलेला आहे, आणि तो आपल्या संस्कृत "दुहितृ" चाच दूरचा नातलग आहे. बापाच्या नांवापुढें घराचें नांव लागे. मॅकी नांवाच्या शेतवाडींत राहतो म्हणून मॅकी. उद्यां ती वाडी सोडून दुसऱ्या वाडींत गेला कीं नांवहि दुसरें. नांव माणसाचें नसून जमिनीचें असे.

यांतून एक मौज उत्पन्न होते. वाडीला मुलगा नसला, तर मुलीचा नवरा घरीं आणीत. त्यास म्हणत "कोतिवॅव्यू". "कोति" म्हणजे घर आणि "वॅव्यू" म्हणजे जावई. आपला घरजावई अक्षरशः तोच. परंतु आपला घरजावई आडनांव आपलें ठेवतो, तो फिन्निश घरजावई सासऱ्याच्या वाडीचें नांव घेई, आणि त्याचीं मुलेंहि त्याच नांवानें ओळखलीं जात. म्हणून "आमचें नांव पिढ्यानपिढ्या मॅकी" असें अभिमानानें सांगणारा अमेरिकन गृहस्थ पुष्कळदां आपल्या पणजीच्या कुळाचें नांव मिरवीत असतो, आणि पणजोबा कोठून आला हें त्याला लग्नाची नोंद पाहिल्यावांचून कळत नाहीं.

पूर्वेकडे, सावो आणि कॅरेलिया या प्रांतांत, रीत निराळी. तेथें "नेन" या प्रत्ययाचीं वंशपरंपरागत आडनांवें फार पूर्वींपासून आहेत. स्त्रिया मात्र दोन्हीं भागांत लग्नानंतरहि पित्याचेंच नांव चालवीत. नवऱ्याचें नांव लावण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पसरूं लागली, आणि १९३० पासून कायद्यानें ती सक्तीची झाली. ती सक्ती १९८६ सालीं उठली. जुन्या काळची फिन्निश शेतकरीण कागदावर आपल्या नांवानें जगली व आपल्या नांवानें मेली, ही गोष्ट आमच्या भगिनींनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

आणखी एक अडचण. वह्या एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच उत्तरार्धापर्यंत स्वीडिश भाषेंत लिहीत. फिन्निशला कायद्यानें मान मिळण्यास १८६३ सालापासून आरंभ झाला. घरीं युहो, वहींत योहान. घरीं हेइक्की, वहींत हेन्रिक. घरीं रीत्ता, वहींत ब्रीता. मग तीच माणसें अमेरिकेंत गेलीं आणि जॉन, हेन्री झालीं. एकाच माणसाचीं तीन नांवें, आणि तिन्ही खरीं.

हीं माणसें अमेरिकेस गेलीं कशीं? १८६४-६५ च्या सुमारास मिशिगन राज्याच्या उत्तर भागांतील तांब्याच्या खाणींसाठीं मजूर हवे होते. कंपनीच्या माणसानें उत्तर नॉर्वेंतून जे आणले त्यांत कांहीं फिन्निश होते. पुढें १८६६ ते १८६८ च्या भयंकर दुष्काळानें, लोकसंख्येच्या वाढीनें आणि १९०१ सालीं झारनें लादलेल्या सैन्यभरतीच्या कायद्यानें लोंढा वाढत गेला. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या पन्नास वर्षांत तीन लक्षांच्या आसपास माणसें अटलांटिक ओलांडून गेलीं, त्यांत निम्म्याहून पुष्कळ जास्त पश्चिम किनाऱ्याच्या पोह्यान्मा प्रांतांतील. १८९१ पासून हांको बंदरांतून फिन्निश कंपनीच्या आगबोटीनें इंग्लंडांतील हलपर्यंत, तेथून आगगाडीनें लिव्हरपूल, मग मोठें जहाज, असा ठराविक मार्ग पडला. त्या कंपनीच्या उतारूंच्या याद्या जपून ठेवलेल्या आहेत. तुर्कू शहरांत १९७४ सालीं स्थापन झालेल्या देशांतरसंशोधन-संस्थेंत त्यांचा शोध घेतां येतो.

मिशिगनांत हॅन्कॉक व कॅल्युमेट, मिनेसोटांत लोखंडाच्या खाणींचा मुलूख, ऑरेगनांत ॲस्टोरियाचा मासेमारीचा किनारा, अशा ठिकाणीं ही वस्ती झाली. लग्नें झालीं तीं तेथें. आणि तेथें राज्य व धर्म निरनिराळे असल्यानें लग्नाच्या नोंदीहि दोन: एक जिल्ह्याच्या कचेरींत, दुसरी चर्चमध्यें. मिशिगन राज्यानें १८६७ पासून सर्व राज्याची नोंदणी एकत्र करण्यास आरंभ केला. त्या नोंदींत वधूवरांचीं नांवें, वयें, धंदा, जन्मस्थान, आणि पुढच्या काळच्या नमुन्यांत आईबापांचीं नांवेंहि असतात. साक्षीदार असतात आणि लग्न लावणाराचें नांव असतें.

परंतु कचेरींतील कारकुनाला फिन्निश येत नसे. त्या भाषेंत ब, ग, फ हे वर्ण मूळचे नाहींतच. बोलणारा एक म्हणे, ऐकणारा दुसरेंच लिही. मॅकी म्हणजे टेकडी, म्हणून कोणी हिल झाला. यॅर्वी म्हणजे सरोवर, म्हणून कोणी लेक झाला. जन्मस्थानाच्या रकान्यांत नुसतें "फिनलंड", किंवा त्याहून वाईट म्हणजे "रशिया", कारण १९१७ पर्यंत देश झारचा होता. एवढ्यावरून मूळ गांव शोधूं जाणें म्हणजे "जन्म हिंदुस्थान" एवढ्याच माहितीवर कोणाचें घर शोधण्यासारखें आहे.

येथें चर्चची वही कामास येते. १८९० सालीं कॅल्युमेट येथें फिन्निश लूथरपंथीयांचा "सुओमी सिनड" नांवाचा संघ स्थापन झाला. त्याचे पाळक फिन्निशच होते, आणि "फिनलंड" हें उत्तर ऐकून त्यांचें समाधान होत नसे. कोणता प्रांत, कोणतें धर्मग्राम, हें ते विचारीत, कारण त्यांना त्या गांवाची ओळख असे आणि तेथील पाळकाचा दाखला त्यांना पाहावयाचा असे. म्हणून कचेरीच्या नोंदींत लग्न लावणाराचें नांव फिन्निश पाळकाचें दिसलें, कीं शोधकानें त्या पाळकाचें चर्च कोणतें हें काढून त्याची वही गांठावी. साक्षीदारांचीं नांवेंहि नुसतीं वाचून सोडूं नयेत. एका गांवचे लोक एकाच खाणीवर, एकाच बिऱ्हाडीं राहत. साक्षीदार बहुधा गांववाला, कधीं सख्खा भाऊ. हॅन्कॉकच्या कॉलेजांत या लोकांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह झाला. तें कॉलेज १८९६ सालीं निघालें व २०२३ सालीं बंद पडलें, तेव्हां पुष्कळांच्या मनांत त्या संग्रहाविषयीं चिंता उभी राहिली. सुदैवानें एका फिन्निश-अमेरिकन प्रतिष्ठाननें तो आपल्याकडे घेतला.

हेंहि सांगितलें पाहिजे कीं, अमेरिकेंत गेलेला प्रत्येक फिन्निश मनुष्य चर्चचा सभासद राहिला नाहीं. त्यांत समाजवादी मंडळी पुष्कळ होती. त्यांचीं स्वतःचीं सभागृहें, नाटकें, वर्तमानपत्रें होतीं, आणि लग्न न्यायाधीशासमोर. अशांसाठीं कचेरीची नोंद हीच सर्वस्व, व तीवरून पुढें पारपत्रांच्या आणि उतारूंच्या याद्यांकडे वळावें लागतें.

सर्व पायऱ्या एका ठिकाणीं दिसाव्यात म्हणून एक उदाहरण कल्पनेनें रचून सांगतों. समजा, एका घराण्याला एवढेंच ठाऊक आहे कीं पणजोबा जॉन हिल, खाणकामगार, हॅन्कॉक. कचेरीची नोंद निघते: १८९७, वर जॉन हिल, वय २७, जन्म फिनलंड, पिता मॅट, माता लिसा; वधू मेरी जॉन्सन. पाळकाच्या नांवावरून चर्च सांपडतें, आणि तेथील वहींत तेंच लग्न असें लिहिलेलें आढळतें: युहो मातिनपोइका मॅकी, इल्मायोकी, मारिया युहोन्त्यूतॅर, कौहवा. जॉन्सन हें आडनांव नव्हतेंच; ती युहोची लेक, एवढाच त्याचा अर्थ. इल्मायोकीच्या १८९० नंतरच्या रिप्पिकिर्येंत मॅकी वाडीचें पान उघडावें. १८७० सालीं जन्मलेला युहो तेथें आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यांत एकच शब्द: "अमेरिका". त्याच पानावर बाप मात्ती, आई लीसा, आणि मात्तीच्या नांवामागें "जावई". म्हणजे वाडी लीसाची. मग लग्नाच्या वहींत १८७० च्या मागचीं वर्षें पाहत गेलें कीं मात्ती व लीसा यांची घोषणा सांपडते, आणि वर कोठला तेंहि: लापुआ. तो तेथून आला त्या वेळीं बरोबर पाळकाचा स्थलांतराचा दाखला घेऊन आला. त्याला "मूत्तोकिर्या" म्हणत. दाखल्याच्या नोंदीवरून लापुआच्या वहींत त्याचें घर, त्याचे आईबाप, त्यांचें लग्न. अशा रीतीनें एका लग्नावरून मागच्या लग्नावर पाऊल ठेवीत अठराव्या शतकापर्यंत जातां येतें.

जन्माची नोंद एका माणसाची असते, मृत्यूची एका माणसाची असते. लग्नाची नोंद मात्र दोन घरांची असते. म्हणून शोधांत तिची किंमत अधिक. वधू किंवा वर यांच्या नांवापुढें विधवा अथवा विधुर असा शेरा असला तर तो डोळ्यांआड करूं नये. त्यामागें आणखी एक लग्न, कदाचित् सावत्र भावंडांचें एक सबंध घर उभें असतें. वर "तोरप्पारी" असला तर तो दुसऱ्याच्या जमिनीचा एक तुकडा अंगमेहनतीच्या मोबदल्यांत कसणारा कूळ होता. अशा कुळांना जमीन विकत घेण्याचा हक्क १९१८ च्या कायद्यानें मिळाला. तोपर्यंत कित्येकांचीं मुलें अमेरिकेस निघून गेलेलीं होतीं.

आतां ज्या गोष्टीचा मघां उल्लेख केला तिच्याकडे येतों. फिन्निश भाषेंत "अमेरिकन लेस्की" असा एक शब्दप्रयोग आहे. लेस्की म्हणजे विधवा. नवरा अमेरिकेस गेलेला आहे, जिवंत आहे, आणि तरीहि घरीं स्त्री विधवेसारखी आहे, अशा स्त्रीला हें नांव. तिघा-चौघांपैकीं पुष्कळ जण पैसे पाठवीत, कांहीं वर्षांनीं परतत, किंवा बायकामुलांचें तिकीट काढून त्यांस बोलावून घेत. परंतु कांहींचीं पत्रें हळूहळू विरळ होत आणि मग थांबत. रिप्पिकिर्येच्या पानावर ती स्त्री दशकामागून दशक "पत्नी" म्हणूनच राहते. नवऱ्याच्या नांवापुढें मृत्यूची तारीख नाहीं, परतल्याची तारीख नाहीं, तोच एक शब्द आहे. पतीनें टाकलेल्या स्त्रीस न्यायालयाकडून व धर्मपीठाकडून मोकळीक मिळविण्याची सोय जुन्या स्वीडिश कायद्यांत होती; पण तो मार्ग लांबचा, आणि गरीब खेडुत स्त्रीनें तो धरणें सोपें नव्हतें.

आणि मिशिगनच्या कचेरींत त्याच नांवाच्या पुरुषाचें लग्न निघतें. "पूर्वीं किती वेळां विवाहित" या रकान्यांत शून्य.

पणतवंड हें वाचतें तेव्हां काय करावें? आमचें म्हणणें असें कीं, पहिल्यानें थांबावें. मॅकी नांवाचीं माणसें शेंकड्यांनीं होतीं, आणि युहो तर घरोघर. जन्मतारीख जुळते कां पाहावी. आईबापांचीं नांवें, उतारूंच्या यादींतील वर्ष, दोन्ही लग्नांच्या तारखा एकापुढें एक मांडाव्यात. पहिली पत्नी त्यापूर्वींच वारली असेल, विवाह कायदेशीर मोडलेला असेल. अविवाहित असल्याचा दाखला गांवच्या पाळकाकडून मागविण्याची चाल चर्चमध्यें होती. तसा दाखला आल्याची नोंद असली तर शंका उरत नाहीं. सर्व पाहूनहि गोष्ट खरीच ठरली, तर ती वंशवृक्षांतून खोडून टाकूं नये, असें आम्हांस वाटतें. ज्या स्त्रीला नवऱ्यानें टाकलें तिला नातवंडांनीं कागदावरून दुसऱ्यांदा टाकावें हें न्याय्य नव्हे. तिचीं लेंकरेंहि त्याच रक्ताचीं आहेत. कांहीं घराण्यांतून समुद्राच्या दोन्ही तीरांवरील सावत्र वंशजांनीं एकमेकांस पत्रें लिहून भेटी घेतल्या आहेत. तथापि हयात वृद्धांस न विचारतां तें छापून प्रसिद्ध करणें आम्हांस पसंत नाहीं. वंशवृक्ष म्हणजे वर्तमानपत्र नव्हे.

आपल्या सभेंत ज्यांचे मुलगे जहाजावर आहेत, आखातांत आहेत, कॅनडांत आहेत, अशीं कुटुंबें पुष्कळ बसलेलीं आहेत. त्यांच्या माहितीसाठीं एक गोष्ट सांगतों. १९०७ सालीं काढलेल्या व १९०८ च्या पुनरुत्थानाच्या सणापासून अंमलांत आलेल्या आज्ञापत्रानें ख्रिस्तसभेनें असा नियम केला कीं, कॅथलिक मनुष्याचें लग्न जगांत कोठेंहि झालें तरी तेथील धर्मगुरूनें तें त्याच्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामास कळवावें, आणि तेथील वहींत स्नानसंस्काराच्या ओळीशेजारीं तें लिहिलें जावें. फिनलंडच्या रिप्पिकिर्येनें जें काम केलें तेंच हा शेरा करतो. मुलाचें लग्न परदेशीं झालें असेल तर तो शेरा आपल्या येथील वहींत पडला आहे कीं नाहीं, एवढें धर्मगुरूंना विचारण्यास संकोच बाळगूं नये. लग्नाच्या वेळीं माहिती सांगतांनाहि आईचें माहेरचें नांव आणि गांवाचें पूर्ण नांव सांगावें. एकच आडनांव सबंध आळीला असलें कीं पन्नास वर्षांनंतर नुसत्या आडनांवाचा कांहीं उपयोग होत नाहीं, हें तर आपणांपैकीं प्रत्येकाला ठाऊक आहे.

फिनलंडच्या वह्या आज कोणासहि घरबसल्या पाहतां येतात. १९१७ सालीं स्थापन झालेल्या तेथील वंशशास्त्र-संस्थेनें स्वयंसेवकांकडून जुन्या नोंदींची "हिस्की" नांवाची सूची तयार करविली आहे, ती विनामूल्य आहे. मूळ पानांचीं छायाचित्रेंहि संगणकावर पाहावयास मिळतात. शंभर वर्षांहून जुनी नोंद सामान्यतः खुली असते, त्याअलीकडच्या नोंदींसाठीं तेथें लिहून विचारावें लागतें. सूचींत मिळालें म्हणून तेथेंच थांबूं नये, मूळ पान पाहावेंच; सूची करणारा मनुष्यच असतो, आणि अक्षर जुन्या जर्मन वळणाचें आहे. तारखांचा एक चमत्कारहि सांगून ठेवतों: स्वीडनच्या राजानें पंचांग सुधारतांना असा घोळ घातला कीं १७१२ सालीं त्या राज्यांत फेब्रुवारीची ३० तारीख झाली. कोणा पूर्वजाचें लग्न त्या दिवशीं लागलेलें आढळल्यास लेखकाला हंसूं नये.

सर्व वह्या मात्र शिल्लक नाहींत. १८२७ च्या सप्टेंबरांत तुर्कू शहर जळालें, तेव्हां देशाच्या धर्मपीठाचें दप्तर जळालें. गांवोगांवचीं लांकडी घरें आणि पाळकांचीं लांकडी निवासस्थानेंहि अधूनमधून जळत, आणि त्यांबरोबर एखाद्या गांवचीं शंभर वर्षें नाहींशीं होत.

आणि कॅरेलिया. दुसऱ्या महायुद्धांत त्या प्रांताचा मोठा भाग सोव्हिएत रशियाकडे गेला. चार लक्षांहून अधिक माणसें घरें, शेतें आणि चर्चें मागें टाकून पश्चिमेकडे निघालीं. त्यांची गांवें नकाशांत राहिलीं, पण तेथें त्यांतलें कोणी राहिलें नाहीं. धर्मग्रामांच्या वह्या मात्र पुष्कळशा बरोबर आल्या. त्या आज मिक्केली शहराच्या दप्तरखान्यांत आहेत. ज्या चर्चमध्यें लग्न लागलें तें चर्च उरलेलें नाहीं, ज्या वाडीचें नांव लावलें ती वाडी परदेशांत गेली, आणि मिनेसोटांत राहणारी एखादी वृद्ध स्त्री आजीच्या लग्नाची तारीख विचारते तेव्हां मिक्केलीहून तिला ती तारीख कळवितां येते.